तपासणीची गाडी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि मला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. कारखान्यातून मी चारचौघींसारखीच बाहेर पडले. दुसरा ब्रेक नंतर बसवला, मला पुनर्वसन केंद्राने विकत घेतलं तेव्हा. आजारी माणूस गाडी चालवू शकतो का, हे माझ्यात बसवून पाहतात. माझं कौतुक फारसं कुणी केलं नाही. नापास झालेले तर दार धाडकन आपटून जात.

त्यांतल्या एका नर्सबाईंची गोष्ट सांगते. घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचं वजन करायचं, बाळंतिणीचं दुखलंखुपलं पाहायचं, हे त्यांचं काम. घरं लांब लांब, बसची सोय नाही. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. या आजारात मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचताना अडखळतो. पाय बधिर होतो, नजर धूसर होते, आणि थकलं की सगळंच बळावतं.

सकाळची फेरी त्यांनी बिनचूक मारली. शेजारी बसलेल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "छान. आता दुपारी पुन्हा."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "सकाळी जमलं ना? मग पुन्हा कशाला?"

"तुमचं काम सकाळीच संपतं का?"

दुपारी ऊन रणरणत होतं. माझ्या पेडलवर तोच पाय होता, पण आता एखाद्या भरल्या पोत्यासारखा. नर्सबाईंनी एकदा खाली पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा.

"पाय ठीक आहे ना?"

"अगदी ठीक."

ते खरं नव्हतं. मला कळत होतं, पण बोलता कुठे येतं?

शाळेच्या फाटकापाशी एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडू लागले. नर्सबाईंचा पाय उचलला गेला आणि ब्रेकऐवजी पुन्हा ॲक्सिलरेटरवरच पडला. मी गुरकावून पुढे झेपावले. त्याच क्षणी दुसरा ब्रेक दाबला गेला. माझी चाकं किंचाळली आणि आजोबांपासून दोन हातांवर मी थांबले. त्यांनी काठीने माझ्या बॉनेटवर एक ठेवून दिली आणि पुटपुटत ते निघून गेले.

थेरपिस्ट बाईंनी मला कडेला घ्यायला लावलं. माझा इंडिकेटर टकटकत राहिला.

"ते अचानक आले," नर्सबाई म्हणाल्या.

"काठी टेकत चालणारा माणूस अचानक कसा येईल?"

नर्सबाईंनी इंजिन बंद केलं. मग नर्सबाई हळूच म्हणाल्या, "महिनाभर मी पाय कुठे आहे ते खाली बघूनच ठरवतेय. त्याचा पत्ताच लागत नाही मला. मागच्या आठवड्यात एका घराच्या कुंपणाला गाडी घासली. पलीकडेच आजी बाळाला घेऊन बसली होती." त्यांनी किल्ली काढली आणि थेरपिस्ट बाईंच्या हातात ठेवली.

केंद्राच्या आवारात त्यांचा नवरा वाट पाहत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू किल्ली लपवली असतीस."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "लपवलीच असती."

थेरपिस्ट बाईंनी 'नापास' लिहिलं. पण खाली आणखी एक ओळ लिहिली: हाताने चालवून पाहावी. मेकॅनिकने माझ्या स्टिअरिंगजवळ एक दांडा बसवला. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पहिल्या दिवशी मी अशी काही उड्या मारत निघाले की दोघीही हसू लागल्या. अडीच महिन्यांनी, अशाच एका भर दुपारी, नर्सबाई पास झाल्या. अटी होत्या: सलग दोन तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, थकवा आला की थांबायचं, दर वर्षी तपासणी. लांबची घरं दुसऱ्या नर्सकडे गेली. त्या दिवशी त्या माझ्यातच बसून रडल्या.

तिसऱ्या वर्षी नर्सबाई तपासणीच्या तारखेआधीच आल्या. "उजव्या डोळ्यापुढे धुकं आलंय," त्यांनी स्वतःहून सांगितलं. या वेळी नवऱ्यालाही त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि त्यानेच त्यांना आणलं होतं.

मित्रांनो, आता मी आवाराच्या कोपऱ्यात धूळ खात उभी आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर "ठीक आहे ना?" एवढंच विचारून मोकळे होऊ नका. जवळ बसा. त्या माणसाने खरं सांगितलं, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. किल्लीचं काय ते मग दोघं मिळून ठरवा.