रॉस्कोची रीत

“कोणी कोणाचं पाहून लिहिलं?” प्रोफेसर वेदर्सनी विचारलं. त्यांच्या टेबलावर रसायनशास्त्राचे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवलेले होते. शेवटचा प्रश्न दोन्हींत एकाच रीतीनं सोडवला होता, आणि ती रीत वर्गात शिकवलेली नव्हती.

सव्वाशे गोऱ्या मुलांच्या त्या वर्गात काळी मुलं दोनच, अर्नेस्टीन आणि रॉस्को; पेपर त्या दोघांचेच होते. वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खडखडाटात बसून रॉस्कोनंच तिला ती रीत शिकवली होती. एवढंच सांगायचं होतं. पण घराण्यात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ती म्हणाली,

“मी माझं माझं लिहिलं, सर.”

नक्कल रॉस्कोनं केली असं ठरलं. त्याला शून्य मिळालं. नाताळच्या सुट्टीत तो अलाबामातल्या आपल्या गावी गेला, तो परतलाच नाही.

अर्नेस्टीन पुढं त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाली. दर रविवारी ती काळ्या मुलांना घरी बोलावून जेवू घाली आणि चौघाचौघांना एकत्र बसवून गणितं सोडवायला लावी. “एकट्यानं बसायचं नाही,” असा तिचा दंडकच होता. तिच्या हाताखालच्या तेवीस मुलांनी डॉक्टरेट मिळवली. लोक कौतुक करायला लागले की ती काहीतरी निमित्त काढून उठून जाई.

साठी उलटल्यावर एकदाची ती रॉस्कोच्या गावी गेली. तो गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचा.

“आज इकडे कुठं वाट चुकलीस?” त्यानं विचारलं.

“त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, रॉस्को.”

“हवं होतं.” त्यानं हातातली काचनळी उजेडात धरून पाहिली. “तू बोलली असतीस तर दोघांनाही कॉलेजातून घालवलं असतं, असं बरीच वर्षं मनाला समजावलं. मग कंटाळलो.”

“माफ करशील?”

“जमेल की नाही, ठाऊक नाही.” त्यानं काचनळी खाली ठेवली. “माझी नात येतेय तुझ्या विद्यापीठात शिकायला, ऑगस्टात. पोरगी हुशार आहे, पण घुमी. तिला कुणाबरोबर तरी बसव.”

“बसवीन.”

“आणि तिच्यावर कुणी बोट दाखवलं, तर तू तिथं हजर राहा.”

अर्नेस्टीननं होकारार्थी मान हलवली. रॉस्कोनं नळ सोडून ग्लास भरला आणि तिच्यापुढं ठेवला. ती उभ्या उभ्याच पाणी प्यायली.