दोन सेकंद

मी विकी. वागळे इस्टेटमध्ये माझा स्टुडिओ आहे. माझ्याकडे भात्याचा जुना, मोठा कॅमेरा आहे आणि त्याची मला नको इतकी घमेंड.

कोपरीतल्या काळुरामकाकांचं घर पाडायच्या आदल्या संध्याकाळी मी तोच घेऊन गेलो. घरासमोर दोघा नवरा-बायकोचा एकच फोटो त्यांना हवा होता, नव्या भिंतीवर लावायला.

सोबत दोनच फिल्म होत्या, एका फिल्मवर एकच फोटो. पहिलीच्या वेळी काका बायकोकडे वळले आणि फोटो हलला. मी अख्ख्या आळीसमोर तडकलो. "काका, दोन सेकंद धड उभं राहता येत नाही? हा मोबाईल नाहीये."

काका ओशाळले. दुसऱ्या वेळी त्यांनी श्वासही रोखला.

फोकस करताना लेन्स उघडी असते. ती बंद करायची, मगच फिल्मवरची काळी पट्टी ओढायची. शिकाऊ पोरंही हे विसरत नाहीत. रागाच्या भरात मी विसरलो. बटण दाबायला हात नेला आणि दिसलं, लेन्स उघडीच आहे. पट्टी ओढताक्षणी उजेड लागून फिल्म वाया गेली होती.

अजून तासभर उजेड होता. रिक्षाने जाऊन स्टुडिओतून नवी फिल्म आणता आली असती. पण नुकताच त्यांच्यावर ओरडलेलो, आता कुठल्या तोंडाने सांगणार? मी खोटंच बटण दाबलं आणि म्हणालो, "मस्त झाला."

आठवड्याने त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. माझ्या हातात फोटो नाही हे बघून काकांचा चेहरा उतरला.

"मीच हाललो आसन ना रं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो. जरासं."

लक्ष्मीकाकू त्यांच्यावर करवादल्या, "सांगितलेला ना तुमाला, गप उभं र्‍हावा म्हनून." काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी चहा पीत होतो. तो चहा मला आजही आठवतो आणि स्वतःची किळस येते.

मग काका उठले, सदऱ्याची बटणं लावली आणि खोलीच्या कोऱ्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

"आता काढ. नाय हालनार."

मी कॅमेरा आणलाच नव्हता. हे मला सांगता येईपर्यंत ते श्वास रोखून उभे होते.