दिवसा तारे

ज्याला अंतराळवीर व्हायचं आहे त्याला निदान बस लागू नये, एवढी तरी काळजी नशिबाने घ्यायला हवी होती. डॉक्टरांना बस लागायची, झोपाळा लागायचा, एकदा तर उंच शिडीवर उभं राहून दिवा बदलतानाही पोटात ढवळलं होतं. चष्म्याचा नंबर म्हणाल तर शाळेतच इतका वाढला की फळ्यावरचं दिसायची मारामार, तिथे मंगळाची काय कथा! शेवटी ते दंतवैद्य झाले. अंधाऱ्या पोकळीत उजेड मारून खड्डे शोधायचे, हेही एक प्रकारचं खगोलशास्त्रच आहे, असं ते म्हणत आणि स्वतःच मोठ्यांदा हसत.

वेड मात्र गेलं नाही. दवाखान्याच्या छतावर त्यांनी रंगाऱ्याकडून सगळी ग्रहमाला काढून घेतली होती. खुर्ची मागे कलली की पेशंटच्या नाकासमोर थेट शनी. मग डॉक्टर सुरू व्हायचे. पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी. तो बिचारा ‘आँ’च्या पलीकडे काय बोलणार? असा हक्काचा श्रोता जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना गुरूचे मोठे चार चंद्र तोंडपाठ होते, ते या खुर्चीच्या कृपेने. एका किराणा दुकानदाराला त्यांनी सांगितलं, “तुमच्या या दाढेतलं कॅल्शियम एका ताऱ्याच्या पोटात शिजलेलं आहे.”

तोंडातली नळी निघाल्याबरोबर दुकानदार म्हणाला, “एवढं ताऱ्यात शिजवलेलं, मग किडलं कसं हो?”

डॉक्टरांनी त्याला पुन्हा चूळ भरायला लावली.

त्यांची बायको त्यांना ग्रंथालयात भेटली होती. दोघांनी एकाच वेळी एकाच विज्ञानकादंबरीवर हात ठेवला, दोघांपैकी कुणी सोडेना, तेव्हा ग्रंथपालाने दोघांनाही बाहेर काढलं. पुढचं मग पायरीवर बसून ठरलं. त्यामुळे घरात यानं, धूमकेतू, परग्रहावरची माणसं यांना मज्जाव नव्हता. अडचण होती ती सासूबाईंची.

सासूबाईंनी उभं आयुष्य न्यायालयात टायपिस्ट म्हणून काढलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या साक्षी टाइप करून करून थापांचा त्यांना असा काही वीट आला होता की गोष्टीची पुस्तकंही चालायची नाहीत. “खोटं ते खोटं, आणि त्यात भविष्यातलं खोटं!” असं त्या जावयाच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून म्हणत. त्यात पहिल्याच भेटीत घोटाळा झाला होता. मुलगी पसंत आहे म्हणून सांगायला आलेल्या या तरुणाला त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, “मग, पुढे काय होणार?” आणि त्याने डोळे चमकवत सांगितलं होतं, “पुढे सूर्य फुगत जाणार. बुध आणि शुक्र तर नक्की गिळणार. पृथ्वीचं अजून नक्की नाही.”

सासूबाईंनी लग्नाला होकार दिला, पण जावयाच्या खुर्चीत बसायला कधीच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दंतवैद्याकडे जायच्या. “दात दुखलेला परवडला,” त्या लेकीला म्हणत, “वर ते ग्रह नकोत.”

अशात त्या वर्षी खग्रास सूर्यग्रहण आलं. चंद्राची सावली गावापासून दोनेक तासांच्या अंतरावरून जाणार होती. गावात खंडग्रास, म्हणजे सूर्य चांगलाच झाकला जाणार, पण पुरता नाही. आणि थोडं पुढे गेलं की भर दुपारी अंधार. डॉक्टरांना तर आकाश ठेंगणं झालं. वर्षभर त्यांनी एकेका पेशंटला पकडून सांगितलं, “थोडं कमी झाकलेलं आणि पूर्ण झाकलेलं, यात लग्नाची पत्रिका आणि लग्न इतका फरक आहे.” दात साफ करून घेणाऱ्याला ग्रहणाचा काळा चष्मा फुकट दिला. दुसऱ्या टोकाच्या दंतवैद्यालाही त्यांनी चहाला बोलावून असं काही पटवलं की त्यानेही दवाखाना बंद ठेवायचं ठरवलं.

ग्रहणाच्या सकाळी गाडीत घडीच्या खुर्च्या, दुर्बीण, तिच्यावर लावायची, सूर्याचा उजेड गाळणारी काच, काळे चष्मे, थर्मास असं सगळं भरून नवरा-बायको सावलीच्या वाटेवरच्या एका माळरानाकडे निघाले. गाव मागे पडलं, नदीवरचा पूल गेला, आणि बायकोचा फोन वाजला.

“काही नाही गं, सहजच केला,” सासूबाईंचा आवाज आला. पण तो आवाज उशीखालून यावा तसा येत होता.

“आई, तोंडात काय आहे तुझ्या?”

“दाढ आहे. म्हणजे अर्धी आहे. काल अक्रोड फोडायला गेले, तर अक्रोड राहिला आणि दाढ फुटली.”

“काल? आणि सांगतेस आज?”

“सकाळी गेले होते माझ्या डॉक्टरकडे. दाराला पाटी. ‘ग्रहण बघायला गेलो आहे.’” मग त्या म्हणाल्या, “कोणी डोक्यात भरवलं असेल बाई त्याच्या, कोण जाणे.”

डॉक्टरांनी गाडीचा वेग आपसूक कमी केला.

“गोळी घेतलीस का?”

“तीन झाल्या. तुम्ही जा. जावईबापूंचं वर्षभराचं स्वप्न आहे. मला आहेत की इथेच. पाणी प्यायलं तरी दिवसा तारे दिसतायत!”

फोन बंद झाला. रस्त्याने गाड्यांची रांग चालली होती आणि एकेका काचेआड ओळखीचा चेहरा दिसत होता. किराणा दुकानदाराने तर खिडकीतून काळा चष्मा हलवून दाखवला. डॉक्टरांनी विज्ञानकथा शेकड्यांनी वाचल्या होत्या. त्यात नेहमी असा प्रसंग यायचा: यान मुक्कामाला टेकायला आलेलं असतं, आणि मागे राहिलेल्या एकाची हाक ऐकू येते. जो कप्तान यान मागे वळवायचा तो डॉक्टरांना भारी आवडायचा. त्याच्यासाठी त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या यानाच्या सुकाणूला किती जोर लावावा लागत असेल, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

त्यांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि वळवली.

“मी तुला वळव म्हणणार नव्हते,” बायको म्हणाली.

“माहीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “तू म्हणाली असतीस तर भांडायला तरी मिळालं असतं.”

बायकोने फोन करून बोलावलेल्या सासूबाई जावयाच्या दवाखान्याच्या पायरीवर गालाला हात लावून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या जावयाच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची मागे कलली. वर शनी आला. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि ऐकायची तयारी केली.

आणि डॉक्टर काहीच बोलले नाहीत. दिवा ओढला, दाढ बघितली, उभी चिरली होती, वाचण्यातली नव्हती. मुकाट्याने सुई भरली, मुकाट्याने टोचली. त्यांच्या डोळ्यांपुढे ते पुलापलीकडचं माळरान होतं आणि त्यावरून धावत येणारी सावली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ते पुनःपुन्हा घड्याळाकडे बघत होते.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

“जावईबापू, फार वाईट आहे का?”

“नाही आई. साधी दाढ आहे.”

“मग तुम्ही गप्प का?”

“असाच.”

“असाच कसा? हिच्या वेळी बाळंतपणात तो बडबड्या डॉक्टर असाच एकदम गप्प झाला होता. तेव्हाच मला कळलं, नाळ अडकलीय.” त्यांनी खुर्चीचा हात गच्च धरला. “बोला बघू काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते.”

डॉक्टर थबकले. आजवर त्यांना वाटत होतं की लोक त्यांची बडबड सहन करतात. कोणाला तिचा आधार वाटत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“काय बोलू?”

“काहीही. तो तुमचा चंद्रच सांगा. आ करते मी.”

मग डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे चारशे पट मोठा आहे. पण तो जवळजवळ तितकेच पट लांबही आहे. म्हणून पृथ्वीवरून दोघे एकाच मापाचे दिसतात, पातेलं आणि त्याचं झाकण असावं तसे. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. गंमत म्हणजे चंद्र दरवर्षी बोट-दोन बोटं लांब सरकतोय. फार फार पुढे तो सूर्याला पुरणार नाही, झाकण पातेल्यात पडेल. डायनासोर होते तेव्हाही ग्रहणं होत होती, पण वर बघून ‘अरे वा’ म्हणणारं कोणी नव्हतं. “आपण बघा आई, झाकण अगदी बरोबर बसतंय अशा काळात जन्माला आलो. आणि वर ते कळण्याइतकं डोकं घेऊन आलो.”

बोलता बोलता त्यांचे हात नेहमीसारखे हलके झाले. एक तुकडा निघाला, दुसरा निघाला.

“झालं.”

“ऊं?” सासूबाईंनी विचारलं. म्हणजे, कधी?

डॉक्टरांनी जखमेवर कापसाची घडी ठेवली. “आता दात घट्ट मिटून ठेवायचे. अर्धा-पाऊण तास बोलायचं नाही.”

शेजारी उभ्या लेकीला हसू आवरेना. सासूबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले, उठून उभ्या राहिल्या, आणि एकदम खाली जमिनीकडे बोट दाखवू लागल्या. खिडकीबाहेरच्या झाडाच्या पानांमधून फरशीवर कवडसे पडत होते, पण ते नेहमीसारखे गोल नव्हते. एकेक कवडसा कोणीतरी चावा घेतलेल्या बिस्किटासारखा दिसत होता.

“सुरू झालं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “पानांतली प्रत्येक फट सूर्याचं चित्र पाडते. तो चावा म्हणजे चंद्र.”

सासूबाई वाकून ते कवडसे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उचलली, जावयाच्या अंगातला पांढरा कोट स्वतः ओढून काढला आणि दाराकडे हात केला. तो हात मोटार दाखवत होता यात काही शंका नव्हती.

“आई, तुम्हाला विश्रांती...”

“ऊं!” असं म्हणून त्या बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसल्यासुद्धा.

रस्ता मोकळा होता. जाणारे कधीच गेले होते. डॉक्टरांनी आयुष्यात इतक्या जोरात गाडी चालवली नव्हती, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं पोट अजिबात ढवळलं नाही. सासूबाई मागून काळ्या चष्म्यातून वर बघत आणि किती झाकलं ते बोटांनी दाखवत. अर्धा. पाऊण. उजेड पातळ होत चालला. आणि माळरान अजून बरंच दूर असताना पुढे गाड्यांची रांग लागली, ती हलेचना.

बायकोने नकाशा पाहिला. “आत आलोय आपण. अगदी काठावर, पण सावलीच्या आत.”

डावीकडे कौलांचा कारखाना होता. फाटकाशी कामगार जमले होते, कपड्यांवर लाल धूळ, हात कपाळाशी. डॉक्टर ओरडतच उतरले, “नुसत्या डोळ्यांनी बघू नका! थांबा, थांबा!” त्यांनी उरलेले सगळे चष्मे वाटून टाकले, चार-चार माणसांत एक आला. दुर्बीण काढायला वेळच नव्हता. कारखान्याच्या छपरावर कबुतरं परत येऊन बसू लागली. हवा गार झाली. सगळ्यांचे चेहरे कल्हई केलेल्या भांड्यासारखे फिके दिसायला लागले, आणि पश्चिमेकडून अंधार असा आला, जसं कोणी आभाळावर पांघरूण ओढत यावं.

“आता काढा चष्मे!” डॉक्टर ओरडले.

सूर्याच्या जागी एक काळं भोक होतं आणि त्याच्याभोवती पांढरा, रेशमी, कुठेच न संपणारा उजेड. चहूकडे क्षितिजावर संध्याकाळ. डॉक्टरांनी या क्षणासाठी वर्षभर एक भाषण घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवला असता तर शपथ! त्यांचं तोंड त्यांच्याच पेशंटसारखं उघडं राहिलं होतं.

“अगं बाई!” सासूबाई म्हणाल्या. कापूस खाली पडला. त्यांनी लेकीचा हात एका हाताने आणि जावयाचा दुसऱ्या हाताने धरला होता. “आणि तो, तो कोण तिकडे चमकतोय?”

“शुक्र,” डॉक्टर कसेबसे म्हणाले.

मग काठावर हिऱ्यासारखा एक थेंब पेटला. “चष्मे!” बायको ओरडली, कारण डॉक्टरांना भान नव्हतं. कामगारांनी टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या यांनी फाटक दणाणून सोडलं. एक धिप्पाड भट्टीवाला लहान मुलासारखा रडत होता आणि रडता रडता हसत होता. ठरवलेल्या जागी हा अंधार चांगला तीन मिनिटं टिकला असेल; इथे काठावर मिनिटभरही नाही. डॉक्टरांना वाटलं होतं की कमी मिळाल्याचं वाईट वाटेल. त्यांनी मनात चाचपून पाहिलं. वाईट कुठेच वाटत नव्हतं.

परतताना त्यांनी सासूबाईंना आइस्क्रीम खायला घातलं. दाढ काढल्यावर थंड चालतं. अर्धा ओठ बधिर, त्यामुळे निम्मं हनुवटीवर. तशाच अवस्थेत सासूबाईंनी शेजारणीला फोन लावला आणि ग्रहणाची अशी साक्ष दिली की चंद्र साधारण कारखान्याच्या धुराड्याला घासून गेला. जावयाने दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून गप्प केलं.

घरी उतरताना त्या म्हणाल्या, “ते तुमचं कपाट आहे ना. त्यातलं एखादं द्या वाचायला. फार थापा नसलेलं.”

डॉक्टरांनी बराच वेळ शोधून एक जाडजूड तीन भागांची कादंबरी निवडली आणि पहिला भाग दिला. तिसऱ्या दिवशी भर कामात फोन आला.

“जावईबापू, हे यान बाराशे माणसं घेऊन निघालंय आणि त्यात दंतवैद्य एकही नाही. असं कसं चालेल?”

“दुसऱ्या भागात कदाचित येईल, आई.”

“मग दुसरा भाग घेऊन या. आणि संध्याकाळपर्यंत थांबू नका. आग लागलीय यानाला.”