महाराणीची मागची सीट

चालकाची सीट

ही नवऱ्याची. दुसऱ्या कोणाची नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर बंद खोक्यात उभं राहायचं, मजल्यामजल्याने वर जायचं, खाली यायचं, आणि वेग असा की मुंगीलाही कंटाळा यावा. म्हणून त्याला पळणारी गाडी हवी होती. अकरा वर्षं तो हिचे फोटो बघत होता. शेवटी दोन हातांतून फिरून ती आमच्याकडे आली, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "अहो, पण ही शर्यतीची ना?"

"अगं, चार दारं आहेत की. डिकी आहे. घरगुती गाडी आहे ही."

चार दारं आहेत हे खरं. डिकीही आहे. त्यापलीकडे तिच्यात घरगुती काही नाही. बसकी, करडी, चाकांना रबर नावापुरतं. स्प्रिंगा इतक्या कडक की रस्त्यात पडलेलं नाणं छापा आहे की काटा ते बसल्याजागी कळावं. सुरू केली की पहिल्या मजल्यावरच्या कपबशा वाजतात. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं: महाराणी.

शेजारची सीट

ही माझी. पण मी तिच्यात फारशी बसत नाही.

घरापासून सासऱ्यांच्या डायलिसिस सेंटरपर्यंत सात स्पीडब्रेकर आहेत. महाराणीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. सगळे बसले की तीन. म्हणून आमची एक पद्धत ठरून गेली आहे. स्पीडब्रेकर आला की मी आणि लेक उतरतो. नवरा गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, एकेक उतरवतो. पलीकडे पोचला की आम्ही पुन्हा बसतो. असं सात वेळा. ताशी अडीचशेने जाऊ शकणारी गाडी, आणि मी पर्स सावरत तिच्या शेजारून चालते. कधीकधी पुढेही निघून जाते.

"आई, सरळ चालतच गेलो तर लवकर पोचू," लेक म्हणते.

"तू गप. खालून घासतेय का ते बघ."

एकदा मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, ढकलायला येऊ का?" नवरा नंतर दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

मागची, मधली

इथे कोणी बसत नाही. एक उशी, सासऱ्यांची फाइल, मोजून भरलेली पाण्याची छोटी बाटली.

मागची, डावी

ही सासऱ्यांची. पुढच्या सीटच्या दोन्ही कडा अशा उचललेल्या की माणूस बाटलीतल्या बुचासारखा अडकतो. मागेच बसवावं लागतं, आणि त्याचीही रीत आहे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरायची. त्यांनी पाठमोरं होऊन टेकायचं. मी त्यांचं डोकं हाताने खाली धरायचं. मग पिशवीवरून घसरत आत वळायचं आणि पाय ओढून घ्यायचे.

ते रस्ते बांधायचे. डांबराच्या टोळीवर पस्तीस वर्षं मुकादम होते. सातातले दोन स्पीडब्रेकर त्यांनीच घातलेले. "तेव्हा उंची मोजायला कोणी आलं नाही," ते म्हणतात. "मीही बोलावलं नाही."

सोमवार आणि गुरुवार. चार तास यंत्राला जोडलेले. बाहेर येतात ते पिळून टाकलेल्या कपड्यासारखे. मग पिशवी, पाठ, डोकं, पाय. मग पुन्हा ते सात. आम्ही दोघी उतरतो. ते आत असतात.

"कशी काय महाराणी, बाबा?" नवरा आरशातून विचारतो. दर वेळी.

"काय सांगू तुला! विमान."

गेल्या महिन्यात त्यांनी एक गुरुवार चुकवला. "आज राहू दे. थकलोय." मग एक सोमवार. मग पुन्हा गुरुवार. सेंटरमधल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "चार किलो पाणी साठलंय अंगात. आता एक जरी डायलिसिस चुकलं ना, तर फुप्फुसात शिरेल. मग अँब्युलन्सनेच आणावं लागेल. तीही वेळेत पोचली तर."

घरी आल्यावर मी त्यांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. "बाबा, खरं सांगा. का चुकवता?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मुलगा नव्हता. "यंत्राचं काही नाही गं, पोरी. यंत्र बिचारं चांगलं आहे. पण येताना अंगात जीव नसतो, आणि एकेका आदळ्याला कण्यात खिळा बसतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

"मग सांगा की त्याला. नाहीतर टॅक्सीने जाऊ."

"टॅक्सी केली की त्याला कळलंच. अकरा वर्षं वाट बघितलीय त्याने. माझ्या म्हातारपणापायी गाडी जायची असेल तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "त्याच्याशी एक शब्द बोललीस तर मी त्या यंत्राचं तोंड बघणार नाही. सांगून ठेवतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी भाजी चिरायला गेले.

मागची, उजवी

इथे लेक बसते. पुढच्या सोमवारी तिची परीक्षा होती, आणि शनिवारीच नवऱ्याचा उजवा हात लिफ्टच्या दारात सापडलेला. तीन बोटं पट्टीत. म्हणजे चालवणार मी. किल्ली देताना त्याने ती दोनदा परत घेतली. त्याचा हात बघून सासरे निमूट निघाले. आणखी एक त्रास नको, म्हणून.

नवरा पुढचं दार उघडायला लागला.

"अहो, मागे बसा," मी म्हटलं. "बाबांना धरायला कोणी नाही आज."

बोलू नकोस, अशी ताकीद होती. याला कुठे बसवू नकोस, असं काही सासरे म्हणाले नव्हते.

तो कधीच मागे बसला नव्हता. गुडघे हनुवटीशी आले.

पहिला. "मी उतरतो," तो म्हणाला. "बसा हो, हात सांभाळा," मी म्हटलं. खालून खर्र.

दुसरा. "अगं, हळू!" "पाचवर आहे काटा."

तिसरा. त्याचं डोकं छताला लागलं.

चौथा. मी आरशात पाहिलं. तो रस्त्याकडे बघत नव्हता. सासऱ्यांनी दारावरचा दांडा घट्ट धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडलेली, आणि तोंडावर हसू. ते हसू तो बघत होता.

पाचवा. सासरे म्हणाले, "लागलं का रे तुला?"

सहावा, सातवा. नवऱ्याने मधली उशी उचलून बाबांच्या पाठीमागे सारली.

सेंटरमधली खुर्ची

सुया टोचून झाल्या. यंत्र घरघरायला लागलं. पलंगाशेजारी एकच खुर्ची होती, ती मी नवऱ्याला दिली.

"बाबा, गाडी विकतोय मी."

सासरे कोपरावर उठले. यंत्र पिपाणीसारखं ओरडलं, सिस्टर धावत आली, हात सरळ ठेवा म्हणाली आणि गेली. "विकलीस तर गुरुवारपासून माझं येणं बंद. हे पाप माझ्या माथी नको. समजलं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. 

मग तो म्हणाला, "तुमच्यासाठी कोण विकतंय? माझी कंबर गेलीय. दोन महिने झाले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना भिंत धरावी लागते. त्या सीटमधून उठायचं म्हणजे नको होतं."

खरं की खोटं, मला अजून माहीत नाही. झोपेत कूस बदलताना तो कण्हतो हे खरं. पण तो लग्नापासूनच कण्हतो.

सासरे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. हजेरी घेताना उशिरा आलेल्या माणसाकडे बघत असतील तसे.

"गाढवा. मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"बापाला सांगायची लाज?"

"तुम्ही विमान म्हणत होता."

 सासऱ्यांनी मान उशीवर टाकली.   नळीतून रक्त जात होतं, येत होतं.

"गुरुवारी मग कशाने यायचं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"टॅक्सी सांगतो, बाबा."

"जुनी सांग. जुनीच्या गाद्या बसून मऊ झालेल्या असतात."