मंगळवारचं कार्ड

जुईच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्या आठवड्यात आकड्याखाली हिरव्या शाईने एक ओळ लिहिलेली होती: 'हिला केशरी रंग आवडत नाही. सांगायला संकोचते.'

शलाकाने ओळ दोनदा वाचली आणि कपाट उघडून पाहिलं. तीन केशरी फ्रॉक, एक केशरी स्वेटर, केशरी पट्ट्यांचं दप्तर. सगळी खरेदी तिची स्वतःची, हौसेने केलेली. सहा वर्षांची जुई स्वयंपाकघरात बसून बिनकुटाची साबुदाण्याची खिचडी खात होती.

"जुई, तुला केशरी आवडत नाही?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. मंगळवारी."

मंगळवार म्हणजे कार्डाचा दिवस. जाड कागदाच्या कार्डावर पाच वर्तुळं छापलेली असत. सकाळी शलाका जुईच्या बोटाला टोचणी लावायची, प्रत्येक वर्तुळात एक थेंब टिपायची, कार्ड सावलीत वाळवायची आणि पाकिटात घालून स्टँडसमोरच्या कुरियरवाल्याकडे द्यायची. बुधवारी ते मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचायचं. शुक्रवारी रिपोर्ट यायचा. खाली सही असायची: तपासनीस, श्रीमती क. लोहोकरे.

जुईच्या शरीराला प्रथिनांमधला एक तुकडा मोडता येत नव्हता. निम्मा दोष आईकडून आलेला, निम्मा बापाकडून. आईबाप मात्र दोघं ठणठणीत. डाळ, दूध, अंडं, शेंगदाणा यातलं काही पोटात गेलं की तो तुकडा रक्तात साठायचा आणि मेंदूला बाधायचा. म्हणून भात काट्यावर तोलून, पोळी वेगळ्या पिठाची, आणि दिवसातून तीनदा एक पांढरी पावडर पाण्यात कालवून, जिला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. शेजारच्या जगदाळे काकूंची अजून समजूत होती की या घरात पोरीला रोज उपास घडवतात. आकडा सहाच्या आत ठेवायचा, एवढंच शलाकाचं गेल्या सहा वर्षांतलं काम. एकदाच तो एकवीसवर गेला होता, तेव्हा पंधरा दिवस जुई हाक मारली तरी वळून बघत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी हिरव्या शाईत आलं: 'रडू आलं की ही शंभरपासून उलटे आकडे म्हणते.' त्याच्या पुढच्या शुक्रवारी: 'हिला वर्गात खिडकीजवळ बसायचं आहे.'

"बाई चांगली दिसते," मकरंद जेवता जेवता म्हणाला. तो शलाकाचा नवरा, सरळ माणूस, कुठल्याही कागदावर छापील नाव असलं की त्याला तो कागद पटायचा. "बारकाईने बघते."

"रक्तात खिडकी कशी दिसते?"

"त्यांच्याकडे मशिनं असतात अगं."

शलाकाला मत्सर वाटला. उगाच दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. दिवसभर पोरीच्या मागे आपण असायचं, साबुदाणा आपण भिजवायचा, पाहुण्यांच्या हातातला पेढा आपण हिसकावून घेऊन सगळ्या गावात वाईट व्हायचं, आणि पोरीच्या मनातलं कळायचं कुणाला, तर पाच ठिपके बघणाऱ्या एका लोहोकरेबाईला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतरच्या बुधवारी जुई सकाळी उठली ती वेणी घालूनच. चौपेडी, घट्ट, एकही केस सुटा नाही. माक्याच्या तेलाचा वास येत होता. शलाकाच्या घरात माक्याचं तेल नव्हतं, आणि तिला वेणी यायची ती तिपेडी. तिने ती सोडायचा प्रयत्न केला. वेणी सुटेना. शुक्रवारी पोस्टमनने रिपोर्ट आणून दिला तेव्हा ती आपली आपण सुटली.

"कुणी घातली?"

"मावशीने."

"कुठे?"

"तिथे. वर दोरीवर कार्डं वाळत असतात. खाली पाट असतो. मी पाटावर बसते आणि ती मागे बसते."

"काय बोलते ती?"

"बोलत नाही. विचारते."

"काय विचारते?"

"कशी आहेस."

शलाका भांडी घासायला वळली. तिला एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नव्हतं. सासूबाई फोनवर विचारायच्या, आकडा किती. मकरंद चपला काढता काढता विचारायचा, आकडा किती आला. डॉक्टर विचारायचे, आकडा काय म्हणतो. आकड्याची तब्येत सगळ्यांना ठाऊक होती. भांडी घासून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या पोटात दुखत होतं ते लोहोकरेबाईंमुळे नाहीच. ते जुईमुळे होतं. स्वतःच्या आजारी पोरीचा हेवा करावा याची तिला लाज वाटली, पण लाज वाटून हेवा काही कमी झाला नाही.

तिने रिपोर्टवरच्या नंबरावर फोन लावला.

"मी जुईची आई बोलतेय."

"तुमचं कार्ड माझ्याकडे नाही," पलीकडून बाईचा आवाज आला. आवाज मऊ होता.

"माझ्या मुलीच्या केसांना हात लावत जाऊ नका."

"तुमचं कार्ड माझ्याकडे नाही, बाळ," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

बाळ म्हणाली.

मंगळवारी जुई सवयीने बोट पुढे करून बसली. शलाकाने टोचणी उघडली आणि म्हणाली, "आज राहू दे. तुझं बोट दुखतंय." मग तिने ती आपल्या बोटाला लावली. पाचही वर्तुळं भरली. वर जुईचं नाव, जुईची जन्मतारीख. गेले चार महिने आकडा पाचच्या वर गेलेला नव्हता. एका आठवड्याने काय बिघडतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

"मावशी माझी वाट बघेल," जुई म्हणाली.

"बघू दे."

बुधवारी पहाटे शलाका पाटावर बसलेली होती. वर दोरीवर कार्डं चिमट्यांनी अडकवलेली होती आणि वाऱ्याशिवाय हलत होती. मागून कुणीतरी तिच्या टाळूवर तेल ओतलं. आई गेल्यापासून तिच्या डोक्यावर कुणी तेल घातलं नव्हतं. बोटं गरम होती आणि त्यांना घाई नव्हती.

"कशी आहेस?"

शलाका म्हणाली की ती सहा वर्षं स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आमटीभात खाते, म्हणजे जुईला दिसायला नको. हे सांगण्यासारखं आहे हे तिला त्याआधी माहीत नव्हतं.

ती जागी झाली तेव्हा तिच्या पाठीवर चौपेडी वेणी होती. जुईचे केस पिंजारलेले होते. जुईने आईच्या वेणीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. शलाकाने ती नजर लगेच ओळखली, कारण ती तिची स्वतःचीच होती.

"ये, मी घालते तुझी."

"तुला तीनच पेड येतात," जुई म्हणाली.

शुक्रवारी रिपोर्ट आला. जुईचं नाव, आकडा एक पूर्णांक चार. खाली: 'ही दाराआड उभी राहून जेवते. बसून जेवायला सांगा.'

"जुई, दाराआड जेवतेस होय?" मकरंदने विचारलं. आणि मग आकडा बघून त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "एक पूर्णांक चार. शलाका, एक पूर्णांक चार. तू जादू केलीस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण या शुक्रवारी तिची वेणी सुटली नव्हती, आणि पुढचा मंगळवार चारच दिवसांवर होता. त्या मंगळवारीही तिने आपलंच बोट टोचलं. आणि त्याच्या पुढच्या. दर बुधवारी वेणी हातभर वाढायची. तिने पाटावर बसून काय काय सांगितलं: सोडलेल्या नोकरीबद्दल, दुसरं मूल नको म्हणून दोघांच्या मध्ये ठेवलेल्या उशीबद्दल, वाढदिवसाच्या घरांतून लवकर निघण्याबद्दल. प्रत्येक गोष्ट ऐकून बाई "हं" म्हणायची आणि एक पेड दुसऱ्यावरून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात वेणी खिडकीतून बाहेर गेली. तिचं टोक कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण ते कुणाच्या तरी हातात होतं, कारण शलाका गॅसपाशी गेली की मागून अलगद ओढ बसायची. आधी गॅसपर्यंत जाता येत होतं. मग फक्त टेबलापर्यंत. मकरंदने खिडकीपाशी तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं. "छान दिसतात तुझे केस," तो म्हणाला आणि भात स्वतः तोलायला लागला.

जुईला सर्दी झाली. सर्दीतापात आकडा चढतो हे शलाकाला पाठ होतं. सोमवारी तिने स्टुलावरून हाक मारली, तेव्हा जुई तिसऱ्या हाकेला वळली. उद्याचं कार्ड जुईचंच, तिने ठरवलं. उद्या पोरीचं बोट, पोरीचे पाच ठिपके.

मंगळवारी सकाळी जुई आपण होऊन जवळ आली नाही. ती भिंतीला टेकून वेणीकडे बघत बसली होती. शलाकाला उठून तिच्यापर्यंत जाता येईना, दोन पावलं कमी पडत होती. "ये गं इकडे," ती म्हणाली. जुईला ऐकू आलं की नाही कळलं नाही. शलाकाला स्टँडपर्यंत जाता येत नसल्यामुळे आता पाकीट न्यायला घरीच येणारा कुरियरवाला दारात उभा होता. टोचणी शलाकाच्या हातात होती आणि तिचं स्वतःचं बोट जवळ होतं.

शुक्रवारी दुपारी मकरंद ऑफिसमधून लवकर आला. वाटेत पोस्टमन भेटला होता. मकरंदचे डोळे लाल झाले होते आणि तो हसत होता. त्याने रिपोर्ट टेबलावर मांडला आणि मोठ्याने वाचला.

"आकडा एक पूर्णांक तीन. खाली लिहिलंय, 'ही पूर्ण निरोगी आहे. हिला सगळं चालेल. हिला बसवून, आग्रहाने जेवू घाला.'"

त्याने पिशवीतून बासुंदीचा डबा काढला. एक वाटी भरली, वर चारोळ्या होत्या. आमटीचं पातेलं ओट्यावरून आणून त्याने पोरीच्या ताटात भात न तोलता वाढला आणि त्यावर आमटी ओतली. सहा वर्षांत त्या टेबलावर आमटी आली नव्हती. जुईने वास घेतला.

"मावशीने लिहिलंय?" तिने विचारलं. शब्द थोडे जड येत होते.

"मावशीनेच. सही आहे बघ." मकरंदने चमच्यात बासुंदी घेतली. "पहिला घास गोड."

शलाका उठली. वेणी ताणली गेली. तिने अजून एक पाऊल टाकलं आणि मान मागे खेचली गेली. तिने तोंड उघडलं. "अहो," ती म्हणाली, "ते रक्त..."

तेवढ्यात तिच्या टाळूवर कोमट तेल पडलं. मागची बोटं तिच्या केसांत शिरली, सावकाश, जशी रोजच शिरत असावीत तशी.

"हलू नकोस, बाळ," मागून आवाज आला. "शेवटचा पेड राहिलाय. कशी आहेस?"

शलाकाची मान सरळ झाली. समोर चमचा जुईच्या ओठांना टेकला होता. जुई चमच्याकडे बघत नव्हती. आईच्या वेणीवरून नजर न काढता तिने तोंड उघडलं.