लिफ्टबाईंची पोर

“अगं, ही पट्टी उलटी लागलीय! फुलं आत आणि पाठ बाहेर!” माझ्या गोधडीचं टोक उचलून नर्सताई सगळ्यांना दाखवायला लागली.

मी वाकून बघितलं. खरंच उलटी होती. एकच नाही, ओळीने सगळ्या पट्ट्या उलट्या. जगाला चष्मे विकणारी मी, आणि माझ्याच डोळ्यांना हे दिसू नये? हसावं की रडावं कळेना.

“शोभतंय हो चष्मेवालीला,” शिवणबाई म्हणाली.

“तिला नका चिडवू गं,” लिफ्टबाई म्हणाल्या. “दे अर्धी इकडे. उसवायचं काम मला आवडतं. बोलता बोलता होऊन जाईल.”

दर रविवारी दुपारी आम्ही चौघी शिवणबाईच्या क्लासमध्ये गोधड्या शिवायला जमायचो. आठवडाभर तिथे मुली मशिनवर बसायच्या, रविवारी मशिनांवर झाकणं असायची आणि आम्ही मधल्या लांब टेबलावर पसारा मांडायचो. कुणाचं किती झालं, कुणाचा दोरा कुठे गुंतला, कुणी कापड कमी आणलं, सगळं एकमेकींना दाखवायचं. नर्सताई तीन गोधड्या सुरू करून एकही पुरी करत नसे. शिवणबाई स्वतःची सोडून आमच्याच चुका काढत बसायची. आणि लिफ्टबाईंची एकच गोधडी, निळ्या तुकड्यांची, पोरीसाठी.

लिफ्टबाई एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायच्या. वय होऊन गेलं होतं, पण हजेरी कधी चुकत नाही म्हणून ठेवलं होतं. धुलाईच्या दुकानामागे एका खोलीत एकट्याच राहायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा धावदोरासुद्धा सरळ येत नव्हता. टाके सगळे खालून वर आणि वरून खाली. शिवणबाई म्हणाली, “लिफ्ट चालवताय का कापडावर?” त्या इतक्या हसल्या की सुई हातातून पडली आणि आम्ही चौघी टेबलाखाली शोधत बसलो.

पोरीचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. पोरीने केस कापले, मान कशी उघडी दिसते. पोरीला सर्दी झालीय, ऐकत नाही, औषध घेत नाही. पोरीला बढती मिळाली, मला चॉकलेट दिलं. “निळंच घालते हो सारखी, म्हणून निळी गोधडी,” असं सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की आम्ही आपापल्या मुलांच्या तक्रारी गिळून टाकायचो.

“एकदा आणा की तिला इथे,” मी म्हणायचे.

“कामात असते गं फार,” त्या म्हणायच्या. “पण दिसते रोज. तेवढं पुरे.”

त्या दिवशी माझ्या अर्ध्या पट्ट्या मांडीवर घेऊन त्या उसवायला बसल्या. नर्सताई तिच्या वॉर्डातल्या कुणा पेशंटची नक्कल करत होती, आम्ही हसत होतो. मी म्हटलं, “लिफ्टबाई, कात्री द्या जरा.”

त्यांनी दिली नाही.

“अहो, कात्री.”

मान खाली होती. सुई बोटांत होती, दोरा ताणलेला होता. मला वाटलं, टाका सापडत नसेल म्हणून बघताहेत. मी हात लांब करून कात्री स्वतःच घेतली आणि दोरा कापून पुढच्या टाक्यालाही लागले. तेवढ्यात नर्सताईची खुर्ची धाडकन मागे पडली.

“धरा! आडव्या करा! टेबल रिकामं करा!”

गोधड्या, डबे, टाचण्या, सगळं जमिनीवर गेलं. नर्सताई टेबलावर चढून त्यांची छाती दाबत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. मघाशी नक्कल करणारी हीच का, असं वाटावं असा तिचा आवाज होता. अँब्युलन्स आली, दवाखाना आला, डॉक्टर आले आणि बाहेर येऊन नुसती मान हलवून गेले. माझ्या हातात अजून कात्री होती. दवाखान्यापर्यंत मी ती तशीच धरून आले होते.

“पोरीला कळवायला हवं,” शिवणबाई म्हणाली.

लिफ्टबाईंचा जुना फोन त्यांच्या पिशवीत होता. त्यात ‘पोर’ असा एक नंबर होता. काय बोलायचं ते मनात जुळवत मी तो लावला.

“बोला लिफ्टबाई!” पलीकडून आवाज आला. “आज रविवारी कशी आठवण? उद्या लिफ्ट बंद आहे का?”

आईला कुणी लिफ्टबाई म्हणतं का? थट्टेने म्हणत असेल, असं स्वतःला समजावून मी म्हटलं, “मी त्यांची मैत्रीण बोलतेय. तुम्ही दवाखान्यात या. तुमच्या आई...”

“कुणाची आई?” ती म्हणाली. “माझी आई मी तीन वर्षांची असतानाच गेली.”

तरीही ती आली. चाळिशीची, कापलेले केस, एका पायाने किंचित लंगडत. अंगात निळा कुडता. आम्ही तिघी तिच्याकडे बघतच राहिलो. लिफ्टबाईंनी सांगितलेलं सगळं आमच्यासमोर चालत आलं होतं, आणि ते आम्हाला ओळखत नव्हतं.

चेहऱ्यावरची चादर दूर केल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. “काल तर पाचव्या मजल्यावर सोडलं मला. म्हणाल्या, स्वेटर घालत जा.” मग डोळे पुसून म्हणाली, “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिने चढवत नाहीत. लिफ्ट बंद असली की मला घरीच कळवा, म्हणून मीच नंबर दिला होता. फार जीव लावायच्या. एकट्या होत्या ना, म्हणत असतील मला पोर.”

आम्ही माना हलवल्या. दुसरं काय करणार? मला त्यांची कीव आली आणि त्या किवेची लाजही वाटली. इतके रविवार आम्ही ज्या पोरीचं कौतुक ऐकत होतो ती कुणा दुसऱ्याचीच निघाली. पण बाकावर बसून त्यांचं एकेक वाक्य आठवायला लागले तर एकही खोटं सापडेना. दिसते रोज. चॉकलेट दिलं. कामात असते. पोर मला आई म्हणते, असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या. ते आम्हीच धरून चाललो होतो.

शिवणबाई मात्र त्या बाईकडे टक लावून बघत होती. “एक विचारू? रागावू नका,” ती म्हणाली. “गोधडीची शिवण दाबायला मी लिफ्टबाईंना इस्त्री द्यायचे तर त्या हात मागे घ्यायच्या. एकदा फार आग्रह केला तेव्हा रडायलाच लागल्या. म्हणाल्या, माझ्या पोरीच्या उजव्या खांद्यावर इस्त्री पडली होती. अजून डाग असेल.”

त्या बाईचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. बाही कोपरापर्यंत होती. लिफ्ट चालवणाऱ्या बाईला तो खांदा कधी दिसला असणं शक्यच नव्हतं.

“हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच.”

ती बाकावर बसली. मग फोन काढला. तिने तो मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

“आत्या, माझी आई कशाने गेली गं?”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं.

“भेटली का ती तुला?” आत्याने विचारलं.

कुणी थोबाडीत मारावी तसं तिचं तोंड झालं. नर्सताई पटकन तिच्याजवळ जाऊन बसली.

“आत्या, सांग.”

“अगं, कपडे इस्त्री करत होती, तू मागून गेलीस आणि वायर ओढलीस. मुद्दाम का कुणी करतं? पण दादाने ऐकलं नाही. त्याच दिवशी तिला घराबाहेर काढलं. पुष्कळ दिवस येत होती, फाटकाशी उभी राहायची. मग दादाने घरच बदललं. तुला सांगितलं, गेली म्हणून. दादा असेपर्यंत माझी हिंमत नव्हती, आणि नंतर... नंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

तिने फोन बंद केला. रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, “मी नोकरीला लागले तेव्हा लिफ्टवर एक म्हातारा होता. ह्या नंतर आल्या. पहिल्याच दिवशी मी पाचवा म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलं होतं.” मग एकदम तिचा आवाज चढला. “रोज पाठमोऱ्या उभ्या राहायच्या! एकदा तरी वळून सांगायचं होतं! मी काय हाकलून दिलं असतं?”

हाकलून दिलं असतं की नाही, हे त्यांनी कधी आजमावलंच नाही. कदाचित जे रोज मिळत होतं ते जाईल, एवढीच भीती असेल. की आणखी काही? ते आता कोण सांगणार?

पुढचं सगळं तिनेच केलं. दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” तेव्हा ती म्हणाली, “मुलगी.” तो शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत असावी, इतका तो अवघडून बाहेर आला.

गोधडीचं विचारलं तर म्हणाली, “नको मला.” आम्ही आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिघी जमलो, पण कुणाची सुई चालेना. निळी गोधडी टेबलावर पसरली होती. वरचा थर जोडून झाला होता, टाके मात्र निम्म्यापर्यंतच आले होते. आपण पुरी करून देऊ, असं नर्सताई म्हणाली आणि सुई ओवून बसलीही. पण ते खालून वर जाणारे वेडेवाकडे टाके बघून तिने सुई परत डबीत ठेवली.

त्यानंतर लिफ्टबाईंच्या पोरीचाच फोन आला. “गोधडी आहे ना अजून?”

“आहे. पुरी करून देऊ का?”

“नको. आहे तशी द्या. मला आज निघता येणार नाही, तुम्ही ऑफिसात आणून द्याल?”

मी दुकान बंद करून गेले. ती तळमजल्यावर माझी वाट बघत होती. मी गोधडी हातात दिली. तिने घडी उलगडली नाही. तळवा खाली घालून नुसते टाके चाचपले. मग म्हणाली, “चला, वर चहा घेऊ.”

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आत कुणी नव्हतं. ती गोधडी छातीशी धरून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, मी तिच्या शेजारी. दार बंद झालं. दोघी दाराकडे बघत उभ्या. लिफ्ट हलेना. बटण दाबायला हवं होतं, ते तिच्या लक्षात आलं नाही आणि मला तिच्यापुढे हात नेववेना. मग वर कुठल्याशा मजल्यावरून कुणीतरी लिफ्ट बोलावली, आणि ती आपली आपण चढायला लागली.