अर्ध्या केसांचा शब्बात

ज्यू मुलामुलींच्या आमच्या कॅम्प निट्झानमध्ये शुक्रवारी दुपारी देवाची आठवण फार जणींना येत नाही. प्लगची येते. आमच्या केबिनमध्ये केस सरळ करायचा स्ट्रेटनर चालेल असा प्लग एकच. दुसऱ्यात लावला तर मुलींच्या अख्ख्या बाजूची वीज जाते, आणि मग शब्बातच्या शुभेच्छा द्यायला आपल्याला कोणी 'शब्बात शालोम'सुद्धा म्हणत नाही.

प्लगचा नंबर साफसफाईवर लागतो. जिची खाट चकाचक, ती पहिली. त्या शुक्रवारी तिर्झा एडलमनला पहिला नंबर हवाच होता. आदल्या दिवशी जेवणाच्या रांगेत आकिवाने तिला विचारलं होतं, "उद्या माझ्याबरोबर चालशील?" म्हणजे पांढरे कपडे घालून जोडीने तळ्याकाठी प्रार्थनेला जायचं आणि प्रार्थना झाली की तसंच जोडीने जेवायला यायचं. आमच्या कॅम्पमध्ये याहून मोठं काही घडत नाही. मागच्या वर्षी एकीचा हात मोडला होता, तर ती आधी चालून आली आणि मग ओरडली.

अडचण केसांची होती. तिर्झाचे केस इतके कुरळे, की एकदा त्यांत पिंगपाँगचा चेंडू हरवला होता. कॅम्पात आल्यापासून ती रोज पहाटे उठून ते सरळ करायची. मुलांच्या बाजूला कोणालाच तिचे खरे केस माहीत नव्हते. पण शुक्रवारी सकाळी तळ्यात पोहावंच लागतं, आणि केस भिजले की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पेनिनाला वाटत होतं, आकिवा तिलाच विचारेल. पेनिना आमच्या केबिनची राणी. वडील रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, आणि केस जन्मतः सरळ. आकिवाला पेनिना कोण हेही ठाऊक नव्हतं, पण हे तिच्या लेखी किरकोळ होतं. तपासणीच्या जरा आधी तिने चॉकलेटचा एक कागद पायाने तिर्झाच्या खाटेखाली सरकवला. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्या आपापल्या उशा थोपटत राहिल्या.

तिर्झाचा नंबर शेवटचा लागला. उजवी बाजू सरळ होते न होते तोच शब्बात लागल्याचा भोंगा वाजला. म्हणजे आता शनिवारी रात्रीपर्यंत वीज वापरणं बंद, कुठलंही काम बंद.

"दोनच मिनिटं!" तिर्झा किंचाळली. "सूर्य बघ, अजून तिथेच आहे!"

"सूर्य राहू दे. मेणबत्त्या लागल्या." पेनिनाने प्लग उपटला. "तुझ्या डोक्यापायी सगळ्यांनी पाप घ्यायचं का अंगावर?"

तिर्झाने शोशीकडे पाहिलं. शोशी म्हणजे आमच्यावर देखरेख ठेवणारी मोठी मुलगी. तिने नुकत्याच मेणबत्त्या लावल्या होत्या आणि डोळ्यांवर हात धरून ती आशीर्वादाचा पाठ म्हणत होती. एरवी तो चटकन संपतो. त्या दिवशी तिने हात काढलेच नाहीत.

"सरळ केलेले ओले करते," तिर्झा म्हणाली. "परत कुरळे होतील."

"कर की. पिळायचे मात्र नाहीत हं. शब्बातला पिळणं बंद. ठिबकत ठिबकत जा."

"मग वेणी घालते."

"वेणी बंद."

"नुसते विंचरून..."

"अगं, विंचरणं तर बंदच बंद."

"रुमाल बांधते मग!"

"बांध ना, लग्न झालेल्या बायकांसारखा. आकिवाला वाटेल तुझं लग्न झालंय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, विनोद चांगला होता.

शेवटी तिर्झाने अक्कल लढवली. ती आकिवाच्या डाव्या हाताला गेली, म्हणजे त्याच्याकडे सरळ बाजू. मी त्यांच्या मागेच होते. माझ्या जोडीला बालमन म्हणून एक मुलगा होता, तो वाटभर शिंकत होता. तिर्झाची मान लचकल्यासारखी ताठ. बोलायचं तर वळून बघावं लागणार, म्हणून ती बोलेचना. आकिवाने बेसबॉलचं सांगितलं, आपल्या कुत्र्याचं सांगितलं, कुत्र्याच्या ऑपरेशनचंही सांगितलं. ही आपली "हं."

प्रार्थना संपेपर्यंत अंधारून आलं. प्रार्थनेला मुलं-मुली वेगळे बसतात; मुलं मधल्या पडद्याच्या पलीकडून बाहेर आली आणि आकिवा नेमका तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"माफ कर हं," तो डोळे बारीक करून म्हणाला. "निघताना चष्म्याचा स्क्रू पडला. आता उद्या रात्रीपर्यंत बसवता येणार नाही. मला आपला केसांचा एक ढग दिसतोय. मस्त आहे. कोण तू?"

म्हणजे त्याला जातानाही धड काही दिसलं नव्हतं.

"तू कोणाबरोबर आला होतास?" तिर्झाने हळूच विचारलं.

"आहे एक तिर्झा. सरळ केसांची. खांबाबरोबर चाललो असतो तर परवडलं असतं, खांबाला निदान दिवा असतो. माझा कुत्रा मरता मरता वाचला म्हटलं, तर म्हणते 'हं'! तिला सांगू नकोस हं. तुझं नाव काय?"

इथे माणसाने खरं सांगावं, नाहीतर पळून जावं. पण दुपारपासून तिर्झाच्या डोक्यात एकच नाव घोळत होतं.

"पेनिना," ती म्हणाली.

मग जेवणघरापर्यंत ती इतकं बोलली, की बालमन शिंकायचं विसरला. कुत्र्याला कुठे टाके घातले, हेसुद्धा तिने विचारून घेतलं. दाराशी उजेड दिसताच ती पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चोलन्ट, म्हणजे आदल्या दिवसापासून मंद आचेवर ठेवलेला शब्बातचा रस्सा, वाढून घेत होतो, तेव्हा आकिवा चाचपडत आमच्या टेबलाशी आला.

"पेनिना कोण इथे?"

तिर्झाने तोंड उघडलं. पेनिनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिर्झाच्या अर्ध्या डोक्याकडे. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"मी."

"काल तुझे केस... असे, मोठे..."

"शब्बातला विंचरता येत नाही ना," पेनिना म्हणाली. "झोपेत आपोआप सरळ होतात. माझे बाबा रब्बाय आहेत, विचार त्यांना."

हा नियम आकिवाने कधी ऐकला नव्हता. पण सांगणारी रब्बायची मुलगी आहे म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

"कुत्रा कसा आहे ते घरी विचारून सांगतो तुला," तो म्हणाला.

"नक्की सांग. काळजीच लागलीय मला," पेनिना म्हणाली. तिला कुत्र्यांचा तिटकारा आहे. "उभा का? बस ना. तिर्झा, सरक गं जरा."

"ही तिर्झा?" आकिवाला ठसका लागला. मग तो सभ्यपणे म्हणाला, "काल छान वाटलं हं चालायला."

"हं," तिर्झा म्हणाली.

ती ताट घेऊन सरकली. सरकता सरकता बाकाचं टोक आलं.

"अजून थोडी," पेनिना म्हणाली.